पोथी नसलेला धर्म

न्यायनिर्णयांस वाङ्मय म्हणावे की नाही, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनी फारसा कधी विचारात घेतलेला दिसत नाही. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र, फार झाले तर प्रवासवर्णन, येथवर आमच्या टीकेची वेस. तिच्या पलीकडे जे लिहिले जाते ते वकिलांचे, अशी समजूत करून घेऊन आम्ही स्वस्थ असतो. वास्तविक ज्या गद्याच्या एका वाक्यावरून एखाद्या प्रेतास दफनभूमीत जागा मिळावयाची की नाही हे ठरते, त्या गद्याची परीक्षा साहित्यदृष्टीने का होऊ नये? त्यातही पात्रे असतात, कथानक असते, आणि गोष्ट कोणाच्या बाजूस उभे राहून सांगावयाची ही निवड तर असतेच असते. पुष्कळ वेळा निकाल ह्या निवडीतच लागून चुकलेला असतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका निर्णयाचे, आणि त्याच्याच पोटात असलेल्या एका भिन्नमताचे, परीक्षण करणार आहो. परीक्षणाचे ठिकाण मात्र दिल्ली किंवा मुंबई न घेता आम्ही नंदुरबार घेतले आहे; त्याचे कारण वाचकांस पुढे कळून येईल.

‘वाळीत टाकणे’ हा शब्द आमच्या बहुतेक वाचकांनी आजीच्या तोंडून ऐकला असेल. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, ‘पुणेवैभवा’त नावे छापली गेली, आणि त्या पेलाभर चहाने पुण्याची ब्राह्मणमंडळी कित्येक महिने ढवळून निघाली. रानडे काय, टिळक काय, दोघांसही शेवटी प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. थोरांस प्रायश्चित्त स्वस्त पडते. ज्यांच्या मुलीचे लग्न अडले, ज्यांच्या घरी श्राद्धास भटजी येईना, त्यांची हकीकत कोणी लिहून ठेविली नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली ग्रामण्यांचा इतिहास लिहिला, तो ह्याच शस्त्राचा इतिहास होय. तेव्हा ज्या प्रकरणाविषयी आम्ही आता लिहिणार आहो ते कोणा परक्या समाजाचे आहे असे समजून वाचकांनी पाने उलटू नयेत.

ह्या शस्त्रास आवर घालण्याकरिता मुंबई राज्याच्या कायदेमंडळाने १९४९ साली बहिष्कारप्रतिबंधक कायदा केला. कोणत्याही समाजाने आपल्या घटकास समाजाबाहेर घालविणे त्याने अवैध ठरविले, आणि असे कृत्य करणारास एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. आजचा नंदुरबार जिल्हा त्या काळी पश्चिम खानदेशात मोडत असे (स्वतंत्र जिल्हा तो १ जुलै १९९८ रोजी झाला), आणि पश्चिम खानदेश मुंबई इलाख्यात. म्हणून हा कायदा सातपुड्याच्या पाड्यांसही लागू होता. पाड्यांत त्याची वार्ता कितपत पोचली असेल हा प्रश्न निराळा.

कायद्यास आव्हान मिळाले ते दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंकडून. समाजाचे ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचे म्हणणे असे की, जो आपल्या पंथाची आज्ञा मानीत नाही त्यास बाहेर घालविणे हा पंथाच्या धर्मव्यवस्थेचा भाग आहे आणि घटनेच्या २६ व्या कलमाने ती व्यवस्था पंथाच्या हाती दिली आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायाधीश छागला असता, कायदा टिकविला. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९६२ रोजी तो चार विरुद्ध एक अशा मताने रद्द केला. तो एक म्हणजे स्वतः सरन्यायाधीश, भुवनेश्वर प्रसाद सिन्हा.

आता हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत. बहुमताच्या निर्णयात, जो न्या. दासगुप्त यांनी लिहिला, कर्ता नेहमी पंथ असतो. पंथाची शिस्त, पंथाची एकजूट, पंथाचा प्रमुख, त्याच्याशी घेतलेली निष्ठेची शपथ. हे सर्व विस्ताराने येते. बहिष्कृत मनुष्य येतो तो व्याकरणातल्या कर्मासारखा, ज्याच्यावर क्रिया घडते तेवढ्यापुरता. त्याचे नागरी हक्क बुडतात हे निर्णयास ठाऊक आहे, पण ते एक आनुषंगिक फळ म्हणून बाजूस ठेविलेले आहे. न्या. अय्यंगार यांनी आपल्या स्वतंत्र मतात भीती घातली आहे ती अशी की, सुधारणेच्या नावाखाली सरकारास धर्मच नाहीसा करता येऊ नये. भीती खोटी नव्हे. उद्या सरकार सांगू लागले की अमक्यास तुम्ही आपल्यांतला म्हटलेच पाहिजे, तर वारकऱ्यांची फडपरंपरा, महानुभावांचा मार्ग, पारशांची अग्यारी, कोणासही आपले असे काही राखता येणार नाही. बहुमताच्या बाजूस हा विचार नसता तर त्या निर्णयाची आज कोणी चर्चाही केली नसती.

परंतु न्या. सिन्हा यांचे मत वाचू लागले की प्रथम जाणवते ते हे, की येथे बहिष्कृत मनुष्य हे पात्र आहे. तो मशिदीत जाऊ शकत नाही, समाजाच्या सभागृहात त्यास प्रवेश नाही, त्याच्या मुडद्यास दफनभूमीत जागा नाही, आप्तेष्ट त्याच्याशी व्यवहार करीत नाहीत. असा मनुष्य आपल्याच लोकांत अस्पृश्य होतो, आणि ज्या घटनेने १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली तिच्या वृत्तीशी ही गोष्ट कशी जुळावी, असा सिन्हांचा रोख आहे. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य २५ व्या कलमाने व्यक्तीस दिले; कायदा त्याच स्वातंत्र्याचे रक्षण करतो, ते हिरावून घेत नाही. बहुमत विचारते, पंथाच्या शास्त्रात काय सांगितले आहे? सिन्हा विचारतात, दार लागल्यावर बाहेर उभ्या असलेल्याचे काय होते? दुसरा प्रश्न आमच्या मते अधिक खोल आहे, आणि तो अधिक चांगल्या गद्याचाही प्रश्न आहे, कारण त्यास उत्तर द्यावयाचे तर लेखकास माणसाकडे पाहावेच लागते.

हा केवळ आमच्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर आम्ही येथेच थांबलो असतो. पण ‘शास्त्रात काय आहे’ ह्या प्रश्नाने पुढे न्यायालयांस एका विचित्र धंद्यास लाविले. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात असे ठरले होते की, धर्माचा आवश्यक भाग कोणता हे त्या धर्माच्याच सिद्धांतांवरून पाहावे. वाक्य नम्रपणाचे होते. पण सिद्धांत पाहावयाचे म्हणजे ग्रंथ उघडावयाचे, आणि ग्रंथ उघडला की न्यायाधीशाचा टीकाकार होतो. १९५८ मध्ये गोवधबंदीच्या प्रकरणी ‘हिदाया’ आणि कुराण चाळण्यात आले. १९६६ मध्ये स्वामिनारायण सत्संगींनी आपण हिंदू नव्हे असे म्हणून हरिजनांस मंदिरात घेण्याचे टाळू पाहिले, तेव्हा न्या. गजेंद्रगडकर यांनी हिंदुधर्म म्हणजे काय ह्यावर एक प्रबंधच लिहिला. साताऱ्यास संस्कृत विद्येच्या घरात वाढलेल्या ह्या न्यायाधीशाने त्यात टिळकांची व्याख्या आधारास घेतली: वेदांस प्रमाण मानणे, साधनांचे मार्ग अनेक असणे, आणि अमक्याच देवाची उपासना केली पाहिजे असा नियम नसणे. निकाल योग्य झाला, मंदिर उघडले; त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या टिळकांस एका चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले त्यांची व्याख्या दार उघडण्याच्या कामी यावी, ह्यात एक प्रकारचे समाधानही आहे.

पण ही व्याख्या घेऊन धडगावचा घाट चढून पाहावे. तिसरी खूण सातपुड्यास तंतोतंत लागू पडते. तेथे देवांस तोटा नाही. पहिली मुळीच लागू पडत नाही. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५, आणि तीत शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. ह्यांतील बहुतेकांच्या देवधर्मास पोथी नाही. याहामोगी ही धान्याची देवी. तिचे ठाणे देवमोगऱ्यास, राज्याच्या सीमेपलीकडे गुजरातेत, आणि महाशिवरात्रीस अक्कलकुव्याकडून माणसांच्या रांगा तिकडे जातात. तिची आणि राजा पांठाची कथा गाण्यात आहे. गाणारा म्हातारा गेला की तिचा तेवढा पाठ गेला. अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे जुन्या मेवासी संस्थानाचे गाव. तेथील होळी पहाटे पेटते, संध्याकाळी नव्हे. रात्रभर ढोल वाजत असतो. बावा आणि बुध्या झालेले पुरुष मोरपिसांचे टोप घालून, कमरेस भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात. त्यांनी कित्येक दिवस व्रत पाळलेले असते. हे व्रत कोठे लिहिले आहे, असे आम्ही एकदा तेथील एका वृद्धास विचारले. त्याने आमच्याकडे जरा दयेनेच पाहिले आणि म्हटले, “लिहून ठेवतात ते विसरायला.” आमची टिपणवही आम्ही मुकाट्याने खिशात घातली.

अशा धर्माचा आवश्यक भाग न्यायालय कोठून काढणार? एक उदाहरण बोलके आहे. आनंदमार्गी पंथ १९५५ साली स्थापन झाला, तांडवनृत्य त्यात १९६६ साली आले; आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, स्थापनेनंतर आलेले नृत्य पंथाचा आवश्यक भाग होऊ शकत नाही. पंथाच्या ग्रंथात ते मागाहून घालण्यात आले होते, तरीही. संहितेत प्रक्षिप्त काय आणि मूळ काय ह्याचा काथ्याकूट आम्ही ज्ञानेश्वरीपुरता राखून ठेविला होता. तो पोलिसांच्या परवान्याच्या कामी येईल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. ह्याच कसोटीवर तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांस लावून पाहावे. १९३८ च्या सुमारास ह्या भिल्ल पुरुषाने दारू सोडण्यास सांगितले, एकमेकांस ‘आप’ म्हणून नमस्कार करण्यास शिकविले, आरती सुरू केली, आणि हजारो आदिवासी मोरवडास लोटले. ज्या माणसास सावकाराने आणि शिपायाने जन्मभर एकेरीत हाक मारली तो दुसऱ्यास ‘आप’ म्हणू लागला, ही धर्मातली गोष्ट की समाजातली? कोणत्या पोथीच्या कोणत्या पानावर तिचा निवाडा होणार?

दारूचीही गोष्ट अशीच. गुलाम महाराजांनी ती सोडविली, पण याहामोगीस मोहाची धार वाहणारे आजही आहेत. १९४९ साली, म्हणजे ज्या वर्षी बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला त्याच वर्षी, मुंबई राज्याने दारूबंदीचाही कायदा केला आणि त्यात मोहाच्या फुलांपर्यंत निर्बंध नेले. एका हाताने माणसास समाजात राखावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या देवीचा नैवेद्य गुन्हा ठरवावयाचा, असा तो योग होता. अमेरिकेतही असाच प्रसंग उद्भवला. तेथील मूळ रहिवाशांच्या एका धर्मपंथात पेयोटी नावाचे निवडुंग प्रसाद म्हणून घेतात. ते घेतल्यामुळे दोघांची नोकरी गेली, आणि १९९० साली तेथील श्रेष्ठ न्यायालयाने त्यांस बेकारीचा भत्ताही नाकारला. कायदा सर्वांस सारखा आहे, सबब तक्रारीस जागा नाही, असा तो न्याय होता. सर्वांस सारखा असलेला कायदा चर्चमधल्या द्राक्षासवावर मात्र सहसा येऊन आदळत नाही; बहुसंख्याकांच्या नैवेद्याची आठवण कायदा लिहिताना आपोआपच होते.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही सातपुड्यातील धर्मास निष्पाप ठरवू पाहतो आहो. तसे मुळीच नाही. पोथी नसली म्हणजे बहिष्कार नसतो असे नव्हे. पाड्यात मूल दगावले, बैल मेला, ताप हटेना, की बडव्याकडे जातात, आणि बडवा कधी कधी बोट दाखवितो: अमकी डाकीण आहे. ती बहुधा विधवा असते, किंवा एकटी, किंवा जिच्या नावावर शेताचा तुकडा आहे अशी. मग मारहाण, गाव सोडणे, आणि कधी त्याहून भयंकर. ह्या बाईस बाहेर घालविणाऱ्या समाजानेही २६ व्या कलमाचा आधार मागितला तर? ग्रंथाची कसोटी येथे दोन्ही अंगांनी लंगडी पडते. ग्रंथ नाही म्हणून रक्षणच नाही असे म्हणावे, तर काठीची होळीही गेली. परंपरा हाच ग्रंथ म्हणावा, तर डाकिणीवरचा घाव धर्म ठरला. सिन्हांच्या प्रश्नाने मात्र दोहोंचा उलगडा होतो. होळीच्या नाचाने कोणाचे घर मोडत नाही. बडव्याच्या बोटाने मोडते.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ह्या दिशेने दोन कायदे केले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर आधी वटहुकूम आणि मग डिसेंबरात कायदा झाला, तो नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जिणे कठीण करणे हा त्याने गुन्हा ठरविला. दुसरा २०१६ चा, सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा. तो २०१७ मध्ये अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितली आहेत. दुसऱ्याच्या नावातच ‘व्यक्ती’ हा शब्द आला आहे, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. १९६२ च्या त्या एकट्या मताचा हा उशिरा उमटलेला प्रतिध्वनी आहे. भाषेविषयी मात्र चांगले बोलवत नाही. पहिल्या कायद्याचे पूर्ण नाव एका दमात वाचून दाखविणारास आम्ही बक्षीस लावण्यास तयार आहो. धडगावच्या बाजारात बाई बोलते पावरी. तिची फिर्याद लिहून घेणारा बोलतो अहिराणी वा मराठी. आणि ज्या कलमाखाली ती लिहावयाची ते कलम बोलते सचिवालयाची संस्कृतप्रचुर भाषा. ‘अनिष्ट’ आणि ‘अमानुष’ ह्या दोन विशेषणांतला भेद तिला कोण समजावून देणार?

बहिष्काराची दिशाही एकच नसते. नवापूर तालुक्यात मावचींमध्ये ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. चिंचपाड्याचे मिशनचे इस्पितळ त्या भागात सर्वांस ठाऊक आहे. घरातल्या एकाने प्रभुभोजन घेतले आणि दुसऱ्याने देवमोगऱ्याची वाट धरली, असे सख्खे भाऊ तेथे एकाच शेतात नांगर धरतात. कोठे नव्या धर्मात गेलेल्यास पाडा पाणी तोडतो, तर कोठे नवा समाज होळीस गेलेल्या पोरास उपासनेतून उठवितो. दोन्हीकडे तोंडी धर्मस्वातंत्र्याचेच नाव असते. एका गोष्टीत मात्र घटनेखालील आदेश लिहिणारांनी मोठी समज दाखविली. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट घातली गेली, आणि शीख व बौद्ध यांस तीत येण्यास १९५६ व १९९० उजाडावे लागले. त्याच वर्षीच्या अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. भिल्ल हा कोणत्याही देवळात गेला तरी भिल्लच राहतो, हे निदान तेथे तरी मान्य झाले. हल्ली ह्या सवलतीवर धर्माची अट आणावी अशी मागणी जोराने होते. ती मान्य झाली तर नवापूरच्या त्या दोघा भावांपैकी एकाचा दाखला रद्द होईल आणि दुसऱ्याचा राहील. जमीन, बोली आणि आई मात्र दोघांची एकच.

न्यायालयास ग्रंथावाचून चालता येते, ह्याचेही एक उदाहरण आहे. ओडिशातील नियमगिरी पर्वतावर बॉक्साइटची खाण काढावयाची होती, आणि डोंगरिया कोंध लोक त्या पर्वतास नियमराजा मानतात. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्वताचे देवत्व कोणत्या श्लोकावरून ठरते हे न विचारता ग्रामसभांस विचारावे असे सांगितले. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी नकार मिळाला. ह्या निर्णयात पात्रे बोलतात. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास साने गुरुजी उपोषणास बसले तेव्हा त्यांनीही कोणत्या पुराणात अस्पृश्यास मज्जाव आहे ह्याचा वाद घातला नव्हता. अमळनेरास मास्तरकी केलेला हा मनुष्य बाहेर उभ्या असलेल्यांकडे बोट दाखवून उपाशी बसला, आणि बडव्यांनी विठोबाचे दार उघडले. (पंढरपूरचे बडवे आणि सातपुड्याचा बडवा ह्यांचा संबंध काय, हे भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे.)

१९६२ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असा अर्ज बोहरा सुधारकांच्या मंडळाने १९८६ सालीच केला होता. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. त्या पीठापुढे येणाऱ्या कागदांत सिन्हांचे भिन्नमत असणारच. आमची सूचना एवढीच आहे की ते कोणी तरी चांगल्या मराठीत आणावे, आणि मराठीतून पावरीत. अनुवादकास ‘पंथ’ ह्या शब्दास पावरी प्रतिशब्द शोधताना घाम फुटेल; गावाबाहेर काढलेल्या बाईसाठी मात्र त्यास शब्द शोधावा लागणार नाही.